मोर उलटे कुणी केले?

माझ्या नजरेतून सुटेल अशी चूक भवानी पेठेत अजून कुणी केलेली नाही! हे मी कारखान्यात सगळ्यांना सांगायचो. कुणी विचारलेलं नसतानाही सांगायचो.

चादरीवरची नक्षी पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर चालते. पत्त्याला भोक असेल तर धागा वर उचलतो, नसेल तर गप पडून राहतो. पत्त्यांना भोकं पाडायचा सिद्धप्पा, आणि त्यानं काही बदल केला की तो तपासायचा मी, शिवशरण. शहात्तरच्या उन्हाळ्यात आमचे मालक आण्णा म्हणाले, "पोरीच्या सासरी चादर द्यायचीय. जुन्या नक्षीतले मोर पाठीला पाठ लावून बसलेत. लग्नाच्या चादरीवर असले रुसके मोर शोभतील का? समोरासमोर करा. नीट जमलं तर नक्षीखात्याचा मुकादम तू!"

"झालंच म्हणून समजा, आण्णा!"

सिद्धप्पानं पत्ते बदलले. मी एकेक पत्ता खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. एकही चूक नाही! तिथंच घात झाला. एखादी सापडली असती तर जिवाला चैन पडलं असतं. पत्ते मागावर चढवून सिद्धप्पा विणायला बसला आणि मला खुर्ची टोचायला लागली. चहा घेतला, गोड लागेना. फाटकापर्यंत गेलो, परत आलो. मुकादमकी हाताशी आलेली, आणि सिद्धप्पानं काही घोळ घातला तर? शेवटी मागच्या दारानं आत शिरलो आणि मागाच्या पाठीमागून धाग्यांतून डोकावलो.

अरे देवा! मोरांचे पाय वर!

"सिद्धप्पा! थांबव माग!"

"काय झालं, काका?"

"मोर मेलेत की सगळे! पाय वर करून पडलेत!"

तो बसल्या जागेवरून वाकला. "हितनं तर सरळ दिसत्यात."

"मला शिकवू नकोस! पत्ते तपासतं कोण?"

"तुमी."

"मग पत्त्यांची माळ उलटी लाव. शेवटचा पत्ता आधी!"

"पर काका, निम्मी चादर विणून झालीया…"

"लाव म्हटलं ना!"

त्यानं लावली. संध्याकाळी चादर उतरवून जमिनीवर पसरली. एका टोकाची जोडी ऐटीत उभी. दुसऱ्या टोकाची जोडी डोक्यावर उभी! मी मागाच्या पलीकडनं पाहिलं, म्हणून सरळ मोर उलटे दिसले, हे तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं. आता दुसरी विणायची तर त्या रंगाचं सूत संपलेलं, आणि विहीणबाई कमलम्मा अक्कलकोटाहून येऊन दारात उतरत होत्या.

आण्णांचा चेहरा लालबुंद झाला. "हे कुणी केलं?"

मी झटकन बोट दाखवलं. "सिद्धप्पानं! मी नको नको म्हणत होतो, आण्णा. देवाशप्पथ!"

सिद्धप्पा खाली वाकून चादरीच्या सुरकुत्या काढायला लागला.

कमलम्मा आत आल्या. चादरीच्या या टोकाला गेल्या, त्या टोकाला गेल्या. आण्णा टोपी काढून घाम पुसत होते.

"अय्यो! लई झ्याक की हो!" कमलम्मा म्हणाल्या. "बैठकीत पावणे दोन्ही अंगानी बसत्यात. एका अंगाच्या माणसाला कायम उलटा मोर बघाय लागतो. हितं ज्याच्या त्याच्या पुढ्यात सरळ! कुणाचं डोकं म्हणायचं हे?"

"आमच्या सिद्धप्पाचं!" आण्णांनी छाती फुगवली. "आत्ताच शिवशरण सांगत होता."

"म्हणजे आण्णा, तसं बघायला गेलं तर थोडंफार मीसुद्धा…"

"तू तर नको नको म्हणत होतास ना?"

देवाची शप्पथ मीच घेतलेली!

मुकादम झाला सिद्धप्पा. पहिल्याच दिवशी त्यानं मागासमोर, विणकराच्या बाजूला, जमिनीवर खडूनं एक गोल काढला. "काका, तपासायचं तुमीच. तुमच्यासारखी नजर कुणाची न्हाय. फकस्त बघायचं ते ह्या गोलात उभं राहून!"

येण्याजाण्यानं तो गोल पुसला जातो. मग रोज सकाळी सिद्धप्पा नवा काढतो. आणि तो नीट गोल आलाय की नाही, हे तपासायलासुद्धा त्यानं मलाच ठेवलंय!