चिंचोळकरांची पर्यायी रायफल

मुकुंद चिंचोळकर कुठलीही गोष्ट पहिल्या झटक्यात घेत नाहीत. बेकरीतल्या बाईने पाव पुढे केला की ते विचारतात, "याला पर्याय काय?" डॉक्टरांनी गोळी लिहून दिली तरी तेच. जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गच्या मराठी मंडळात गणपतीच्या प्रसादाला शिरा ठरला तेव्हा त्यांनी हात वर करून हाच प्रश्न विचारला होता. मेधावहिनींचं म्हणणं, मुलगी पाहायला आले तेव्हा त्यांनी तो तोंडाने विचारला नाही, पण चेहऱ्यावर होता.

ते मोटारींच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर तपासतात. ब्रेक लागला नाही तर पुढे काय, हे विचारण्याचा त्यांना पगार मिळतो. सवय ऑफिसातून घरी आली की घरून ऑफिसात गेली, हे सांगता येत नाही. आम्ही एकाच इमारतीत राहतो, ते तिसऱ्या मजल्यावर आणि मी तळमजल्यावर. व्हॅक्यूम क्लीनर घ्यायचा ठरला तेव्हा त्यांनी इतक्या मॉडेलांची तुलना केली, की निवड होईपर्यंत निवडलेलं मॉडेल बंद झालं. मेधावहिनी तेवढा काळ झाडूने केर काढत होत्या.

अशा माणसाने बंदूक घ्यायची ठरवली.

त्याचं असं झालं, की मुलगी इरा शिकायला म्युनिकला गेली. घरात असताना ती बापाच्या मराठी प्रश्नांना जर्मनमध्ये उत्तरं द्यायची. आता तीही उत्तरं बंद झाली. ऑफिसातला एक सहकारी म्हणाला, या गावात ज्याचा फेराइन नाही तो माणूस भाड्याने राहतो. फेराइन म्हणजे क्लब. चिंचोळकरांनी गावातले सगळे फेराइन तपासले आणि नेमबाजीचा निवडला. मी कारण विचारलं.

"गायनाला सूर लागतो," ते म्हणाले. "कबुतरंवाल्यांकडे पिंजरे घासावे लागतात. इथे नुसतं गप्प उभं राहायचं असतं."

मंडळात खळबळ उडाली. "चिंचोळकर, राग कुणावर आहे, ते तरी सांगा," असं खजिनदार म्हणाले. शिऱ्याचा निर्णय त्यांचा होता.

जर्मनीत क्लबात नाव घातलं की बंदूक मिळते, असं नाही. वर्षभर नियमित हजेरी लावायची, परीक्षा द्यायची, या माणसाला बंदुकीची खरंच गरज आहे असा संघटनेचा दाखला आणायचा. मग सरकारी परवाना. इतर लोक या काळात वैतागतात. चिंचोळकर खूश होते. "पहिल्यांदाच एखादं सरकार माझ्या वेगाने चालतंय," ते मला म्हणाले.

नवीन माणसाने कोणती बंदूक घ्यावी, यावर क्लबात दोन मतं आहेत. सावध लोक लहान काडतुसाची घ्या म्हणतात. हौशी लोक काळी, अर्धस्वयंचलित, दुर्बीण लावलेली आधुनिक रायफल घेतात. चिंचोळकरांचा कल काळीकडे होता. तिची माहिती ते लिफ्टमध्येही देत. मग एका गुरुवारी क्लबातून आले आणि जाहीर केलं, की ते जुनी स्वीडिश लष्करी रायफल घेणार. लाकडी दस्ता, दुर्बीण नाही, प्रत्येक गोळीला बोल्ट म्हणजे मागची सरकती लोखंडी दांडी हाताने ओढायची, आणि खांद्याला बसणारा धक्का वेगळा.

"अहो, मिक्सर दोन वर्षं जुना झाला की तुम्हाला चालत नाही," मेधावहिनी म्हणाल्या, "आणि बंदूक पणजोबांच्या वेळची?"

"तो पर्याय आहे."

"कशाला?"

"काळीला."

"काळी निदान हलकी होती ना?"

"आल्झो, म्हणजे असं, वजनाने नेम स्थिर राहतो," चिंचोळकर म्हणाले आणि विषय संपवला. इतक्या कमी तुलनेत त्यांनी घेतलेला हा एकमेव निर्णय.

रायफलीआधी तिजोरी आली. कायद्याला साधं कपाट चालत नाही. आम्ही चौघांनी ती जिन्याने वर नेली. त्यातल्या एकाची पाठ अजून दुखते. एवढी भक्कम पेटी पाहून मेधावहिनींनी आपले दागिने आत ठेवले. चिंचोळकरांनी दार लावलं, आकडे फिरवले आणि मग त्यांना आठवलं, की हे आकडे परवाना नसलेल्या माणसाला सांगता येत नाहीत. बायकोलाही नाही.

"म्हणजे माझ्या पाटल्या काढायला मी बंदुकीची परीक्षा देऊ?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," चिंचोळकर म्हणाले. संध्याकाळी दागिने पुन्हा तांदळाच्या डब्यात गेले.

मागच्या महिन्यात मी कुतूहलापोटी त्यांच्याबरोबर क्लबात गेलो. गुरुवारी तिथे जुन्या लष्करी रायफलीही चालवतात. चिंचोळकरांनी रायफल टेबलावर ठेवली, बोल्ट हातात घेतला, आत सरकवायला लागले. तो जाईना. उलटा केला, पुन्हा लावला. जाईना.

"हेर ल्युडर्स," त्यांनी हाक मारली, "परत अडकला."

कोपऱ्यातल्या बाकावरून एक उंच म्हातारे उठले. हेर म्हणजे जर्मनमधलं श्रीयुत; हे ल्युडर्स मोटारींच्या कारखान्यातल्या रंगकाम विभागातून निवृत्त झालेले. बायको गेलेली, मूलबाळ नाही. ही रायफल त्यांचीच. नजरेच्या मधोमध अंधुक डाग धरल्यामुळे त्यांनी परवाना परत केला आणि ती चिंचोळकरांना विकली. परवाना नसल्यामुळे तिला आता त्यांना घरी हात लावता येत नाही. क्लबात, देखरेखीखाली, लावता येतो.

"परत? तुम्ही इंजिनिअर आहात ना?"

"हो, पण सॉफ्टवेअरचा."

"आमच्या विभागात असता तर दुपारच्या आत हाकललं असतं!" हेर ल्युडर्सनी बोल्ट ओढून घेतला. डोळे भिंतीकडे, बोटं लोखंडावर. त्यांनी तो पूर्ण उघडला, स्प्रिंग चिंचोळकरांच्या नाकासमोर धरली, लहान मुलाला समजावतात तसं समजावलं, परत जोडला आणि झटक्यात आत बसवला. मग ते चिंचोळकरांच्या मागे उभे राहिले. प्रत्येक गोळीनंतर विचारायचे, "कुठे?" चिंचोळकर सांगायचे, "खाली, डावीकडे." "श्वास सोडला नाहीत," ते ओरडायचे. काळ्या रायफलवाले आले, गोळ्या उडवल्या, पिशव्या भरून निघून गेले. हे दोघे बंदूक पुसत कितीतरी वेळ बसले होते. बोलत हेर ल्युडर्सच होते.

परतताना गाडीत मी म्हटलं, "तुमच्यासारख्या माणसाला अजून बोल्ट जमत नाही, याचं नवल वाटतं."

चिंचोळकरांनी गाडी लावली. चहाला वर या म्हणाले.

वर आल्यावर त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि रायफल पेटीतून काढली. मेधावहिनी कोथिंबीर आणलीत का म्हणून विचारत होत्या. तुर्की दुकान बंद होतं, असं चिंचोळकर त्यांना सांगत होते. ते वाक्य संपायच्या आत बोल्टचे सगळे भाग वर्तमानपत्रावर एका ओळीत मांडलेले होते. त्यांनी हातांकडे पाहिलंही नव्हतं.

"चिंचोळकर," मी म्हटलं, "हे तुम्हाला येतं."

"येतं?" मेधावहिनींनी गॅस बारीक केला. "बंदूक यायच्या आधीपासून येतं. माझ्या लाटण्यावर सराव केलाय."

चिंचोळकर स्प्रिंग पुसत राहिले. पुसता पुसता म्हणाले, "सुरुवातीला मी त्यांना सांगितलं होतं, की मला जमलं. ते म्हणाले, छान. आणि पुढचे दोन गुरुवार आले नाहीत."

"मग?"

"मग फोन केला. अडकलाय म्हटलं. कोट घालून पाऊण तासात हजर."

"आणि ही रायफल घेतलीत, ती?"

"दुसऱ्या गावचा एक जण ती विकत मागत होता. तो घेऊन गेला असता, तर त्यांनी क्लबात यायचं कशाला?"

"त्यांचंच सांगू नका," मेधावहिनी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, आमचे मामंजी गेल्यापासून यांना रागावणारं कुणी राहिलं नव्हतं. मी रागावले तर हे पर्याय विचारतात. गुरुवारी बोलणी खाऊन येतात आणि दोन पोळ्या जास्त जेवतात."

चिंचोळकरांनी ऐकलं नसल्यासारखं केलं. त्यांनी बोल्ट जोडला, रायफलीत सरकवून पाहिला. तो लोण्यासारखा आत गेला. त्यांनी तो पुन्हा बाहेर काढला, मागची टोपी एक फेरा उलटी फिरवली आणि सरकवून पाहिला. अडकला. समाधानाने मान डोलावून त्यांनी सगळं तिजोरीत ठेवलं आणि दार लावून घेतलं.