शाळेला पोह्यांचं आमंत्रण

शपथेवर सांगतो, ही हकिगत अक्षरन् अक्षर खरी आहे. रचून सांगायची मला सवयच नाही. (हे एक रचलेलं झालं. आणखी एक पुढे येईल, ते शेवटी कबूल करीन. मधलं सगळं बिनधोक खरं मानून चला.)

आमच्या श्रियानं, वय वर्षं पंधरा, एका शाळेत जायचं मनावर घेतलं. शाळा निवासी, आंतरराष्ट्रीय आणि फिरती. म्हणजे एक टर्म व्हिएतनाममध्ये, दुसरी पोर्तुगालमध्ये, तिसरी आणखी कुठे. इमारत नाही, मैदान नाही, फाटकसुद्धा नाही, म्हणजे बापानं मुलीची वाट बघत उभं कुठे राहायचं? वर शाळा नवीकोरी. इतकी फिरती माणसं आमच्याकडे पूर्वी एकतर कीर्तनकार असत, नाहीतर फरार.

मी सिंगापुरात एका बँकेत ऑडिटला आहे. दुसऱ्यावर संशय घेण्याचा मला पगार मिळतो. घरी हेच काम मी फुकट करतो. शाळेची वेबसाइट मी मुळापासून खणली. सगळे फोटो हसऱ्या मुलांचे. पंधरा वर्षांची मुलं हसतात? आमच्याकडे एक आहे, ती शेवटची हसली ती मी एस्कलेटरवर पडलो तेव्हा.

शाळेची माहितीसभा एका हॉटेलात होती. सुरेखा (आमची ही) म्हणाली, जाऊन ऐकून तर घेऊ. मी म्हटलं, हॉटेलात सगळेच सभ्य वागतात. मुलगी द्यायची तर स्थळाची चौकशी करतात तशी करायची. शाळेलाच घरी पोह्यांना बोलवू. एवढा साधा निर्णय, पण तिथेच माझं नशीब फिरलं.

शाळेच्या संचालिका हेलनबाई, मूळच्या न्यूझीलंडच्या. आमंत्रणानं त्या बुचकळ्यात पडल्या असाव्यात, पण शनिवारी सकाळी बुकित पंजांगच्या आमच्या फ्लॅटवर वेळेवर हजर झाल्या. मी उल्हासला आधीच बसवून ठेवला होता. उल्हास आमच्या मंडळातला जुना माणूस. सिंगापुरातल्या निम्म्या मराठी घरांची लग्नं त्यानं जुळवली आहेत. (टिकली किती, ते विचारायचं नसतं.)

उल्हासनं रीतीप्रमाणे सुरुवात केली. मूळ गाव कुठलं, भाऊ काय करतात, घरात कुणाला जुनाट दुखणं आहे का. मग, पूर्वी कुठे मोडलंय का, याचं इंग्रजी त्यानं "एनी प्रीव्हियस डिसअपॉइंटमेंट?" असं केलं.

हेलनबाई शांतपणे हो म्हणाल्या. पहिल्या वर्षी काही मुलं घरच्या आठवणीनं परत गेली. एका घरमालकानं फसवलं, तेव्हा अख्खी शाळा घाईघाईनं दुसरीकडे हलवावी लागली. एक शिक्षक मध्येच सोडून गेला. हे सगळं त्यांनी न विचारता सांगितलं.

उल्हास माझ्या कानाशी लागला. "रवींद्र, जी बाई एवढं उघड सांगते, ती झाकत काय असेल?"

मला ते लगेच पटलं. खरं म्हणजे मला पटवूनच घ्यायचं होतं. मी एखाद्या पालकाचा नंबर मागितला. त्यांनी बिशान भागात राहणाऱ्या प्रबोध यांचा दिला. प्रबोध यांचा मुलगा रुचिर वर्षभर याच शाळेत आहे. मी आतल्या खोलीत जाऊन फोन लावला. मला एकच वाक्य ऐकायचं होतं: पाठवू नका.

"शाळा उत्तम आहे हो," प्रबोध म्हणाले.

"मग तुमचा आवाज असा का?"

"ते शाळेचं नाही, घराचं. रुचिर गेल्यापासून आम्हाला फ्रिजचा आवाज ऐकू येतो. आधी येत नव्हता."

मी विचारलं, मुलगा फोन करतो का. तर म्हणाले, अगदी नियमित. पूर्वी तो सांगायचा आणि आम्ही ऐकायचो, आता आम्ही सांगतो आणि तो सिंगापुरी थाटात "ओके लाह" म्हणतो. फोन ठेवता ठेवता त्यांनी मला घरी यायचा आग्रह केला. या, नुसते बसू, म्हणाले.

मी बाहेर आलो तो शाळेविरुद्ध एकही पुरावा हाती न लागता. तोवर सुरेखानं श्रियाच्या हातात पोह्यांचा ट्रे देऊन तिला बाहेर पाठवलं होतं. (रीत म्हणजे रीत.) पोरीचा चेहरा असा, की भारतात जन्माला आली नाही म्हणून देवाचे आभार मानत असावी. हेलनबाईंनी तिला विचारलं, हीच शाळा का?

श्रियानं ट्रे ठेवला आणि इंग्रजीत उत्तर दिलं. मी ते मराठीत देतो.

"कारण या शाळेला पत्ता नाही. मी ट्यूशनला जाते तेव्हा बाबा LRTच्या छोट्या ट्रेनमध्ये माझ्या मागे येतो. मला दिसू नये म्हणून छत्री उघडून बसतो. आमच्या LRTला डबा एकच असतो."

सुरेखाला यातलं काही ठाऊक नव्हतं. आता झालं.

"ऊन येतं खिडकीतून," मी म्हणालो.

मग हेलनबाईंनी सांगितलं, श्रियाला घ्यायला शाळेची ना नाही. ती एकटी राहायला तयार दिसते. अट एकच, पहिल्या टर्ममध्ये पालकांनी भेटायला यायचं नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तयारीबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. ऑडिटमध्ये बाब फारच गंभीर असली की आम्हीही आधी असेच गप्प बसतो.

आता सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. श्रियासुद्धा, आणि तिनं माझ्याकडे असं बघितल्याला बराच काळ लोटला होता. नाही म्हणायला एक कारण पुरलं असतं, आणि माझ्याकडे तेवढंही नव्हतं. मी ताठ बसलो आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "जा, श्रिया. माझा विश्वास आहे."

तर आता कबुली. हेलनबाई खऱ्या, प्रबोधचा फ्रिज खरा, छत्री तर दुर्दैवानं फारच खरी. रचलंय ते फक्त माझं ते खणखणीत वाक्य. मी काहीच म्हणालो नाही. डोळ्यांना धार लागली, तेव्हा "मिरची, मिरची" असं पुटपुटत स्वयंपाकघरात गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो.

बाहेर हेलनबाई काळजीनं विचारत होत्या, पोहे फार तिखट झालेत का.

"कुणास ठाऊक," उल्हास म्हणाला. "यानं तर अजून बशीला हातच लावलेला नाही."

मी बाहेर आलो तेव्हा श्रियाचं जाणं पक्कं ठरलं होतं, आणि माझी बशी उल्हासनं संपवली होती.