घरचं एक, बाहेरचं दहा

कुणी पेढा पुढे केला तरी बोल्ली सर आधी विचारतात, "घरचा का बाहेरचा?" बाहेरचा असला तरी खातात, पण स्वतःचा डबा संपल्यावर.

सर आमच्या सोलापूरच्या कॉलेजात संगणकाची लॅब सांभाळतात. लॅबमधल्या संगणकांवर लिनक्स ही प्रणाली आहे. त्याच्यासोबत येणारं सॉफ्टवेअरचं मूळ कोठार म्हणजे सरांच्या भाषेत घर. इंटरनेटवर इतरांनी चालवलेली कोठारं म्हणजे पाहुणे. घराला एक नंबर, पाहुण्यांना दहा. वस्तू दोन्हीकडे असेल तर घरचीच घ्यायची, बाहेरची कितीही नवी असो. घरात नसेल तरच बाहेरून आणायची.

मागे एका सीनियरनं हे नंबर काढून टाकले. पाहुण्यांनी घरातली निम्मी भांडी बदलली आणि एकही संगणक धड सुरू होईना. तेव्हापासून सर माणसांनाही नंबर देतात. मी नातेपुत्याकडचा, हॉस्टेलवर राहणारा. मला पहिल्याच दिवशी सांगितलं, "तू दहा."

माझा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणजे फोटोवरून आजारी मेंढी ओळखणं. आमच्या घरात मेंढ्या सगळ्यांना कळतात, कॉलेज मात्र मलाच. प्रोजेक्ट पायथन या संगणकाच्या भाषेत लिहिलेला; त्याला नवं पायथन हवं होतं आणि घरात जुनं होतं. सोमवारी परीक्षा होती. प्रोजेक्ट चालला नाही तर वर्ष गेलं असतं. मी चाचरत विचारलं. सर म्हणाले, "जमत नाही बे. जुन्यावर सगळं घर उभं आहे."

मी तिथंच उभा राहिलो. सर बराच वेळ पुटपुटत होते. मग रविवारी त्यांनी स्वतःच लॅब उघडली. बाहेरचं पायथन आणून वेगळ्या फोल्डरमध्ये बसवलं; जुन्याला हात लावला नाही. "वेगळी चूल दिली त्याला. आता भांडण नाही." माझा प्रोग्राम चालला. त्यानं पहिल्याच फोटोत आमची लंगडी मेंढी बरोबर ओळखली.

रविवारी संध्याकाळी मेस बंद असते. सर म्हणाले, जेवायला चल. भवानी पेठेतल्या त्यांच्या दाराला कुलूप होतं. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, तीन वर्षांपूर्वी वारल्या, मुलगा हैदराबादला, हे मला तिथं कळलं. ओट्यावर भाकरीचं पीठ काढून ठेवलेलं होतं. म्हणजे रोजचा तो घरचा डबा सर स्वतःच करत होते.

मी उंबऱ्यातच थांबलो. म्हणालो, "सर, मी तर दहा नंबर."

सरांनी दुसरं ताट पुसून मांडलं.

"घरात नाही ते बाहेरूनच आणायचं असतंय की. ये आत."