कॅमेऱ्याचा हिरवा दिवा

सकाळी साडेदहा वाजता एडलिन खुर्चीत मांडी घालून, एका हाताने आंबा खात दुसऱ्या हाताने ईमेल लिहीत होती, तेव्हा तिला संगणकाच्या कॅमेऱ्याशेजारचा हिरवा दिवा लागलेला दिसला. ती कुणाशीही बोलत नव्हती. कॅमेरा तिने सुरू केलेला नव्हता. आंब्याचा रस कोपरापर्यंत ओघळला तरी ती तशीच बघत राहिली.

फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरातल्या या घरात बसून ती पर्थमधल्या एका पडद्यांच्या दुकानाच्या गिऱ्हाइकांना उत्तरं लिहायची. संगणक तिचा स्वतःचा. नोकरीला तीन महिने झाले होते, आणि कायम करायचं की नाही ते याच आठवड्यात ठरणार होतं. तिला एकदम शुक्रवार आठवला. दुपारी दोन ते चार ती गाढ झोपली होती आणि मालकांचा, हॉलोवेसाहेबांचा, लगेच निरोप आला होता, ‘दुपारी जरा संथ वाटलात.’

“नानाय!” ती किंचाळली. “आपल्यावर कुणीतरी पाळत ठेवतंय!”

तिची आई, नानाय पूरा, मासळी साफ करता करता सुरीसकट धावत आली. “कुठंय मेला?”

“संगणकात! आत्ता, या क्षणी तो आपल्याला बघतोय!”

नानायने आधी दिव्याकडे पाहिलं, मग आपल्या ढगळ झग्याकडे, आणि ती तिरासारखी आत पळाली. पाच मिनिटांनी बाहेर आली ती चर्चला जायचा निळा पोशाख घालून आणि ओठ रंगवून. “आता बघू दे. मघाचं काय बघितलं असेल ते असेल.”

“नानाय, त्याला पकडायचंय, फोटो काढून घ्यायचा नाहीये!”

पकडण्यासाठी समोरच्या मानोंग इस्कोला, म्हणजे इस्कोदादाला, बोलावण्यात आलं. इस्को बाजारात मोबाइल दुरुस्त करायचा, त्यामुळे बटण असलेल्या कुठल्याही वस्तूतला जाणकार म्हणून गल्लीत त्याला मान होता. त्याने आल्याआल्या कॅमेऱ्यावर जखमेची पट्टी चिकटवली आणि आत चालू असलेल्या सगळ्या प्रोग्रामांची यादी उघडली.

“हा कोण? ओळखीचा आहे?”

“नाही.”

“बंद कर. आणि हा?”

तीन अनोळखी प्रोग्राम बंद झाले. पहिल्याबरोबर आवाज गेला, दुसऱ्याबरोबर अक्षरं मुंगीएवढी झाली, आणि तिसऱ्याबरोबर छपाईयंत्र आपणहून कोरे कागद ओकू लागलं.

“घाबरलाय तो,” इस्को समाधानाने म्हणाला. आणि चौथ्या नावावर त्याचं बोट थांबलं. “सापडला! लांबून बघायचा प्रोग्राम. संगणक सुरू झाला की हा आपोआप सुरू. सत्तावीस डिसेंबरला टाकलाय.”

नोकरी जानेवारीतली, हे रागाच्या भरात एडलिनच्या डोक्यातच आलं नाही. तिने तिथल्या तिथे हॉलोवेसाहेबांना पत्र लिहायला घेतलं. तिच्या खांद्यामागून नानाय सांगू लागली, “लिही, माझी मुलगी तुमचे पडदे विकते आणि तुम्ही आमच्याच घराचे पडदे काढता? लाज वाटत नाही? शुक्रवारी ती झोपली, कारण तिचं डोकं दुखत होतं!”

“डोकं कुठे दुखत होतं?”

“आता दुखतंय ना? लिही!”

पत्र गेलं. तिघांनी एकमेकांकडे विजयी नजरेने पाहिलं आणि तेवढ्यात नानायचा फोन वाजला. तिने तो स्पीकरवर टाकला. दोहाहून थोरली मुलगी ग्लेंडा बोलत होती. तिथे ती नर्स होती.

“नानाय, सगळं ठीक आहे ना? एकदम अंधार कसा झाला? आणि आज मंगळवारी तू चर्चचा पोशाख का घातलायस? कुणी गेलं का?”

तिघांनी कॅमेऱ्यावरच्या पट्टीकडे पाहिलं.

“मानांग,” एडलिन थोरल्या बहिणीला सावकाश म्हणाली, “तुला कसं कळलं नानायने काय घातलंय?”

“म्हणजे काय? डिसेंबरच्या सुट्टीत मीच नाही का संगणकात तो बघायचा प्रोग्राम टाकला? ड्युटीच्या आधी चहा पिताना दोन मिनिटं घर बघते. नानायला विचारूनच टाकला होता.”

“मला?” नानाय उसळली. “निघताना तू ढसाढसा रडत होतीस. मी प्रत्येक गोष्टीला हो म्हणत होते. मला काय माहीत कशाकशाला हो म्हटलं ते!”

“आणि मला कुणी विचारायचं?” एडलिन ओरडली. “मी काय घरातलं कपाट आहे?”

“चुकलं गं. पण तू कायम माझ्या आणि स्वयंपाकघराच्या मध्ये बसतेस,” असं म्हणून ग्लेंडा रडू लागली, मग नानायही रडू लागली. एडलिनला मात्र रडायलाही सवड नव्हती. पत्र जाऊन बारा मिनिटं झाली होती.

“गेली माझी नोकरी! मालकाला चोर म्हटलंय मी!”

“व्हायरसने लिहिलं म्हणून सांग,” इस्कोने सुचवलं.

“डोकं दुखतंय त्या व्हायरसचं?”

शेवटी तिने घाम पुसत लांबलचक माफीनामा लिहिला. त्यात बहीण आली, आईचे अश्रू आले, बारा वेळा ‘क्षमस्व’ आलं. आता पाठवायचं, तोच हॉलोवेसाहेबांचं उत्तर आलं. तिने एक डोळा मिटून ते उघडलं आणि मोठ्याने वाचायला लागली.

‘प्रिय एडलिन, तुमचं पत्र वाचून मान खाली गेली. आपल्या निरोपांच्या प्रोग्रामातच आम्ही दहा दिवसांपूर्वी पाळतीची सोय लपवली होती. मला हे शोभलं नाही. आत्ताच ती आपल्या नऊही कर्मचाऱ्यांच्या संगणकांवरून काढून टाकली. तुमची नोकरी आजपासून कायम. फक्त एक सांगाल का? विकणाऱ्याने शपथेवर सांगितलं होतं की हे कुणालाच सापडणार नाही. तुम्ही कसं शोधलंत?’

छपाईयंत्राने आणखी एक कोरा कागद ओकला.

“दोन होते?” इस्को पुटपुटला. मग त्याने शर्टाची कॉलर नीट केली. “तरी मला वाटतच होतं.”

“काय झालं? कोण काय म्हणालं?” फोनमधून ग्लेंडा विचारत होती.

एडलिनने माफीनामा शेवटच्या अक्षरापासून पहिल्या अक्षरापर्यंत पुसून टाकला, ताठ बसली आणि एकच ओळ लिहिली, ‘आमची पद्धत गुप्त आहे.’

“खाली माझीही सही घाल,” नानाय म्हणाली आणि मासळीकडे वळली.