सगळ्यांना एकदम

बाबा गेले त्याच्या आदल्या दुपारी ऋता त्यांच्या प्रोग्रामला हसत होती. तिचे बाबा, जयराम मास्तर, निवृत्तीनंतर प्रोग्राम लिहायला शिकले होते. आचऱ्याजवळच्या त्यांच्या वाडीत नळयोजनेची टाकी भरली की त्यांचा कॉम्प्युटर घराघरांत मेसेज पाठवायचा: पाणी सोडलंय, मोटर लावा.

"बाबा, प्रत्येक घराक येगळा कित्याक लिवलात? चार ओळींत होयत ह्या."

"होयत," ते म्हणाले. "पण घरा येगळी आसत गो."

वर्षश्राद्धासाठी ती पुण्याहून आली आणि तिने तो प्रोग्राम उघडला. सारखे दिसणारे तुकडे एकत्र केले. मधेमधे उगाच थांबायला सांगणाऱ्या ओळी उडवल्या. लांबच लांब पसारा एका पडद्यावर मावला, तेव्हा ऑफिसातल्या कुठल्याही कामाने दिलं नव्हतं इतकं समाधान तिला मिळालं.

श्राद्धाच्या सकाळी टाकी भरली. मेसेज सगळ्यांना एकदम गेला, सगळ्यांनी मोटरी एकदम लावल्या. खालच्या घरांत पाणी, चढावरच्या नळांतून नुसती हवा. बाबली आणि महादू हे सख्खे भाऊ कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. ते सामाईक नळावर समोरासमोर आले आणि बोलले. काय बोलले ते वाडीभर ऐकू गेलं.

चढावरच्या राधाबाई रिकामी कळशी घेऊन दारात आल्या. "गो ऋता, तुझ्या बापाशीन कधी असा केल्यान नाय! पयलो मेसेज माका येय, मगे खालच्यांका."

"काकी, मी तेका फास्ट केलंय."

"फास्ट? मगे पाणी खंय आसा?"

ओट्यावर श्राद्धाला आलेले भटजी पाय धुवायला पाण्याची वाट पाहत होते. ऋताने गुपचूप जुना प्रोग्राम परत बसवला. टाकी पुन्हा भरली. पहिला मेसेज राधाबाईंना गेला. मग थांबा. मग बाबली. मग पुन्हा थांबा, महादू नळावर येण्याआधी बाबली घरात पोचेल इतका.

"तुमचा घर कधी?" भटजींनी विचारलं.

"शेवटी."

"कोणी ठरवल्यान?"

"बाबांनीच."

भटजींनी मांडून ठेवलेल्या पिंडांकडे पाहिलं. "म्हणजे आता मास्तरांकच थांबाक होया."

ते थांबले. वाडीतल्या सगळ्यांचं भरून झाल्यावर घरच्या नळाला पाणी आलं. ऋताने ओंजळ धरली.

"आता मी सांगतंय तसा म्हणा," भटजी म्हणाले.

ऋता त्यांच्या आधीच बोलली, मोठ्याने.

"बाबा, तुमचा बरोबर होता."