धोंडोपंत गव्याची मखमल

एका जंगलात, मुलांनो, अचानक सगळ्यांना काहीतरी पाळायची हुक्की आली.

बिबट्यानं कासव पाळलं. वानरीनं सरडा पाळला आणि त्याला निरनिराळ्या फांद्यांवर ठेवून ती पाहुण्यांना त्याचे रंग दाखवू लागली. सांबरानं गोगलगाय पाळली. तो तिला रोज सकाळी फिरायला नेई. झाडाला एक वळसा घालून दोघं परत येईपर्यंत संध्याकाळ होई.

धोंडोपंत गव्याकडे मात्र काहीच नव्हतं. एवढा थोरला गवा, पण पाणवठ्यावर कुणी विचारलं, "तुमच्याकडे काय पाळलंय?" की तो तोंड पाण्यात घाली आणि तहान नसतानाही पीत राही.

एके सकाळी शिंगं घासता घासता धोंडोपंतांकडून एक दगड उलटला. दगडाखाली एक टॅरंटुला बसली होती. टॅरंटुला म्हणजे केसाळ, थोरला कोळी. ही मादी होती. अंगानं काळीभोर, आणि गुडघ्यांवर पिवळे पट्टे. तुमच्या तळहातावर मावली असती, पण तुम्ही तळहात पुढे केला नसता.

धोंडोपंत तीन पावलं मागे सरले. मग दोन पावलं पुढे आले. मग त्यांना ती आवडली.

"मी हिला पाळणार," ते म्हणाले. "हिचं नाव मखमल."

"मी इथं राहते," टॅरंटुला म्हणाली. "नऊ वर्षं झाली."

पण तिचा आवाज बारीक, आणि गव्याचे कान फार उंचावर. धोंडोपंतांनी तिला एका मोठ्या पानावर घेतलं आणि घरी आणलं.

घरी अनसूयाबाई होत्या. म्हणजे धोंडोपंतांच्या पत्नी. त्यांनी पानावर काय आहे ते नीट पाहिलं.

"अहो, हिला ठेवणार कुठं?"

"काचेच्या पेटीत. सहलीला आलेली माणसं तळ्याकाठी एक टाकून गेली आहेत."

"आणि ही राहत होती कुठं?"

"दगडाखाली."

"मग तिथं काय वाईट होतं?"

"तिथं ती नुसती राहत होती," धोंडोपंत म्हणाले. "इथं आपण तिला ठेवणार. फरक आहे."

अनसूयाबाईंना फरक कळला नाही. पण त्यांनी पेटी धुऊन दिली.

आता पेटी कशी लावायची हे धोंडोपंतांना ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांनी धनेशशास्त्रींना बोलावलं. धनेश म्हणजे ती मोठ्या वाकड्या चोचीची पाखरं. त्यांच्यात एक रीत असते, मुलांनो. मादी अंडी घालायला ढोलीत शिरली की ढोलीचं तोंड चिखलानं लिंपून टाकतात. चोच बाहेर काढण्यापुरती फट ठेवतात, आणि नर बाहेरून तिला फळं भरवतो. धनेशशास्त्रींनी आपल्या बायकोला असं पाच वेळा लिंपलं होतं. त्यामुळे बंदिस्त घरं या विषयात जंगलात त्यांचा शब्द शेवटचा होता.

त्यांनी पेटीभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"खाली माती हवी. ओलसर, पण चिखल नको. कोपऱ्यात लपायला करवंटी. पाण्याला एक शिंपला. हवेला भोकं. झाकण घट्ट."

एवढं सगळं बरोबर होतं. इथं ते थांबले असते तर गोष्ट इथंच संपली असती.

"आणि उंची," ते म्हणाले. "उंचीशिवाय घराला शोभा नाही."

टॅरंटुला जमिनीवर राहणारा जीव. तिचं पोट पिकल्या चिकूसारखं मऊ असतं. उंचावरून पडली तर फुटतं. मखमलनं हे सांगितलं. दोनदा सांगितलं. पण तोवर पेटीवर बांबूचा पहिला मजला चढला होता.

मग जंगल मदतीला धावलं. वानरीनं वेलीचा झोका टांगला. मोरानं पिसांचे पडदे लावले. सांबरानं शोभेचे दगड आणले. ते यायला वेळ लागला, कारण गोगलगाय बरोबर होती. उजेडाला म्हणून काजव्यांची माळ आली. टॅरंटुलाला उजेड सोसत नाही, पण काजवे हौसेनं आले होते, त्यांना परत कसं पाठवायचं?

मखमलनं खाणं सोडलं. तळाच्या कोपऱ्यात अंग आखडून ती बसून राहिली.

"घर पसंत नाही तिला," धनेशशास्त्री म्हणाले. "वाढवा."

दुसरा मजला झाला. तिसरा झाला. बांबू कमी पडले तेव्हा धोंडोपंतांनी आपल्याच घरामागचं बेट मोडलं. आता वारा थेट अनसूयाबाईंच्या पाठीला लागू लागला. धोंडोपंत स्वतः जेवेनासे झाले. दिवसातून दहादा ते काचेपाशी नाक टेकत, काच धुकट होई, आणि ती पुसता पुसता त्यांचे डोळे भरून येत. कारण काहीही म्हणा, त्यांचा जीव जडला होता.

एक दिवस अनसूयाबाई धनेशशास्त्रींच्या झाडाखालून चालल्या होत्या. वरच्या फटीतून चोच बाहेर आली.

"कसं चाललंय तुमच्याकडचं घर?" धनेशबाईंनी विचारलं.

"तिसरा मजला झाला. पण ती खात नाही."

"तिला विचारलं का कुणी?"

"काय विचारायचं?"

"तेच," फटीतून उत्तर आलं. "मलाही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, फट जरा पूर्वेला ठेवा."

अनसूयाबाई विचार करत घरी आल्या. पाहतात तो अंगणात सगळं जंगल जमलेलं, आणि सगळ्यांच्या माना खाली.

मखमल पाठीवर उताणी पडली होती. आठही पाय वर.

धोंडोपंत रडत होते. गवा रडतो तेव्हा शेजाऱ्यांना सरकून बसावं लागतं. बिबट्यानं खड्डा खणला होता. धनेशशास्त्री बोलायला उभे होते. "मखमल आज आपल्यात नाही," ते म्हणाले, "पण तिचे तीन मजले आहेत." सांबर हुंदके देऊ लागला. वानरीनं झाकण काढलं आणि मखमलला उचलायला हात आत घातला.

"थांब," अनसूयाबाई म्हणाल्या.

त्यांना एक पाय हलल्यासारखा वाटला. त्या गुडघे टेकून बसल्या, मान वाकवली आणि कान थेट मातीला लावला. इतक्या दिवसांत तिच्यापर्यंत कान नेणाऱ्या त्या पहिल्याच.

"काय म्हणतेय?" धोंडोपंतांनी नाक ओढत विचारलं.

अनसूयाबाई उठल्या. "ती म्हणतेय, जरा दम धरा. कपडे बदलतेय."

वानरीनं हात बाहेर काढला.

"सगळ्यांनी पाठ फिरवा," अनसूयाबाई म्हणाल्या.

आणि सगळ्या जंगलानं पाठ फिरवली. बिबट्यानं, मोरानं, सांबरानं. गोगलगाय वळेपर्यंत सगळे थांबले. धनेशशास्त्रींचं भाषण अर्धं राहिलं होतं, ते त्यांनी झाडाकडे तोंड करून पुरं केलं, फक्त त्यात मध्येच सूर बदलून शुभेच्छा घातल्या. दुपार कलेपर्यंत ते सगळे तसे उभे होते. कुणी शिंकलंसुद्धा नाही.

टॅरंटुला कात टाकते, मुलांनो, तेव्हा ती अशीच उताणी पडते. त्या वेळी कुणी बोट लावलं तर मरते.

शेवटी बारीक आवाज आला, "झालं." सगळे वळले. पेटीत दोन मखमली होत्या. एक पोकळ आणि एक नवीकोरी, चकाकती, दमलेली.

अनसूयाबाईंनी पुन्हा कान लावला. "बाई, तुम्हाला हवंय काय?"

"एक बीळ."

"आणि?"

"आणि काही नाही."

धोंडोपंतांनी तिन्ही मजले उतरवले. झोका, पडदे, शोभेचे दगड ज्याचे त्याला दिले. काजव्यांचे आभार मानले. मग पेटीत वीतभर माती भरली आणि शिंगाच्या टोकानं एक भोक पाडलं. झाकण त्यांनी लावलंच नाही. मखमल भोकात शिरली, तिनं आतून थोडी माती ढकलली, आणि दिसेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले.

"कुठं आहे?"

"आत," धोंडोपंत म्हणाले. अशा थाटात की पाहुण्यांना आपापल्या कासवाची आणि सरड्याची लाज वाटली. जो प्राणी सगळ्यांना दिसतो, तो पाळण्यात कसली प्रतिष्ठा?

महिन्याभरात जंगलात घरोघरी मातीची पेटी आली. पेटीत एक भोक. धनेशशास्त्री भोकाचा कोन सांगायला जाऊ लागले. कासव तळ्यात गेलं, सरडा झाडावर गेला. गोगलगाय निघाली आहे.

धोंडोपंत दर आठवड्याला बिळाच्या तोंडाशी एक नाकतोडा ठेवतात. सकाळी तो नसतो. तेवढ्यानं त्यांचा दिवस आनंदात जातो.

बिबट्याही आपल्या भोकापाशी नाकतोडा ठेवतो. सकाळी तोही नसतो. नाकतोड्याला पाय असतात, तो जातो. पण बिबट्याचा दिवसही तितक्याच आनंदात जातो.

तात्पर्य: कुणासाठी घर बांधायला घेतलंत, तर त्यात राहणाऱ्याला चुकूनही विचारू नका. विचारलं की एका भोकात काम आटोपतं, आणि मदतीला आलेल्या सगळ्यांचा फार हिरमोड होतो.