एकतीस वाद्यं आणि एक आवाज

चष्मेवाल्यांनी अकरा वर्षांत एकही गाणं पूर्ण केलं नव्हतं. दुकान बंद करून घरी आले की ते मागच्या खोलीत संगणकासमोर बसत, कानांना हेडफोन लावत आणि कालच्या चालीवर आज आणखी एक व्हायोलिन चढवत. सॉफ्टवेअरमध्ये व्हायोलिनं हवी तेवढी मिळतात, मग माणसाने थांबावं तरी का? पण बायको इस्पितळातून निवृत्त होणार म्हटल्यावर त्यांनी कंबर कसली. निरोपसमारंभात तिच्यासाठी रचलेलं गाणं वाजणार, आणि यांच्या हातून काही तडीस जात नाही हा घरातला जुना समज कायमचा मोडणार.

गाणं खरोखर झालं. एकतीस वाद्यं, आणि त्यांच्यावर स्वतःचा आवाज. समारंभाच्या दुपारी शेवटचं ऐकताना दुसऱ्या कडव्यात त्यांना आपलाच खोकला सापडला. नेमका कुठे ते कळावं म्हणून त्यांनी सोलोचं बटण दाबलं. म्हणजे सगळी वाद्यं गप्प, फक्त आवाज चालू. खोकला काढला. तेवढ्यात गाडी दारात आल्याची हाक आली. गडबडीत त्यांनी गाण्याची फाईल तयार केली, पेनड्राइव्हवर घेतली आणि पळाले. बटण दाबलेलंच राहिलं.

सभागृह गच्च भरलं होतं. निवेदिकेने घोषणा केली, चष्मेवाल्यांनी कॉलर सारखी केली आणि गाणं सुरू झालं. म्हणजे काहीच सुरू झालं नाही. सुरुवातीची चाळीस सेकंदं नुसती व्हायोलिनं होती, आणि व्हायोलिनं घरी राहिली होती.

शांतता लांबली, तसे पहिल्या रांगेतले मोठे डॉक्टर गंभीर चेहऱ्याने उभे राहिले. त्यांना वाटलं, कोणीतरी गेलं असणार. त्यांच्यामागे सगळं सभागृह माना खाली घालून उभं राहिलं, उत्सवमूर्तीसुद्धा. आणि मग चष्मेवाल्यांचा उघडाबोडका आवाज घुमला. लोक दचकून बसले. कडवं संपलं, पुन्हा शांतता, आणि त्या शांततेत कुजबुज: "एक, दोन, तीन, चार..." वाद्यांच्या गर्दीत झाकलं जाईल या भरवशावर त्यांनी मात्रा तोंडाने मोजल्या होत्या. अर्धे लोक पुन्हा उठायला लागले. पुढच्या खेपेला मागच्या रांगेतल्या नर्सेसनी मोजायला साथ दिली. जन्मभर नाडी मोजलेल्या बायका त्या, एक आकडा चुकला नाही.

टाळ्या कडाडून पडल्या. चष्मेवाल्यांना त्या गालावर बसल्यासारख्या वाटल्या. घरी पोचताच त्यांनी बायकोला खुर्चीत बसवलं, बटण सोडवलं, हेडफोन काढून स्पीकर जोडले आणि गाणं लावलं. तिने हातातला गुच्छही न ठेवता ते शेवटपर्यंत ऐकलं.

"छान आहे," ती म्हणाली. "कोणाचं?"

"कोणाचं म्हणजे? तुझंच. आज हे वाजायला हवं होतं."

"अहो, माझं गाणं मला पाठ आहे. दोन महिने भिंतीपलीकडून रोज ऐकतेय. आज तिथे अगदी तसंच वाजलं. मी डोळे पुसत होते, दिसलं नाही तुम्हाला?"

चष्मेवाल्यांनी काढून ठेवलेल्या हेडफोनकडे पाहिलं. एकतीस वाद्यं त्यांच्या कानांबाहेर कधी गेलीच नव्हती. घराने ऐकला होता तो फक्त त्यांचा आवाज.

"मग हे आवडलं नाही?" त्यांनी हळूच विचारलं.

"आवडलं की. पण यात तुम्हाला शोधावं लागतं."